एक झाड, तीन कायदे

जुना बिदर जिल्हा निजामाच्या राज्यातला. १ नोव्हेंबर १९५६ ला त्याची तीन राज्यांत वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्याकडे. जहिराबाद, नारायणखेड आंध्राकडे. बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूरकडे. गुलबर्ग्यातले (आजच्या कलबुर्गीतले) तांडूर आणि कोडंगलही तेव्हाच आंध्रात गेले. जमिनीबरोबर तिच्यावरची शिंदीची झाडंही वाटली गेली. आज ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे झाड तेच आणि रसही तोच. तेलंगणात तो परवान्यानं उघड विकला जातो, महाराष्ट्रात ताडीच्या दुकानांचे लिलाव होतात, आणि मधल्या, कर्नाटकातल्या बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात मडकं बांधलं की गुन्हा.

*

पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांत तिचं नाव घेतात. पुढच्या वर्षी बेंगळूरच्या इंदिरानगरात ‘टॉइट’ आली आणि मग त्या शहरात अशा जागांची रांगच लागली. अशा ठिकाणी भिंतीवरचा फळा वाचायला मला बिअरइतकंच आवडतं: गाळलेली नाही, टिकवायला काही घातलेलं नाही, इथंच केलेली आहे, ताजी आहे तोवर प्या.

भालकीकडचे मामा एकदा सोबत होते. त्यांनी मला फळा मोठ्यानं वाचून दाखवायला लावला आणि म्हणाले, “हे तर आमच्या शिंदीचंच वर्णन आहे की रे. आमच्याकडं फळा तेवढा नव्हता.”

ही टिपणं त्या वाक्यामुळं सुरू झाली.

*

ताडाचा फुलोरा छाटून रस काढतात. शिंदीचा मात्र खोडातूनच काढावा लागतो. शेंड्याखालच्या जुन्या झावळ्या साफ करायच्या, एका अंगाची साल तासून पांढरा गाभा उघडा करायचा, त्याखाली बांबूची बारीक पन्हळ ठोकायची आणि पन्हळीखाली मडकं टांगायचं. संध्याकाळी बांधलेलं मडकं उजाडताना उतरवायचं. काही रात्री रस घेतला की झाडाला विश्रांती. यंदा एक अंग तासलं तर पुढच्या वर्षी त्याच्या समोरचं. त्यामुळं जुन्या झाडाचं खोड नागमोडी होत जातं, आणि खाचा मोजल्या की झाडानं किती हंगाम दिले ते कळतं.

भालकीच्या बाजूला काही झाडं अशी दिसतात की खोड खाली नागमोडी आणि वर सरळसोट. बंदी कोणत्या उंचीला आली ते झाडावरच वाचता येतं.

*

बिअर करणाऱ्याची निम्मी मेहनत साखर मिळवण्यात जाते. बार्ली भिजवा, मोड आणा, वाळवा, भरडा, कोमट-गरम पाण्यात धरून ठेवा, तेव्हा कुठं दाण्यातला स्टार्च साखरेत उतरतो. मग हॉप्स घालून उकळा, थंड करा, यीस्ट सोडा आणि आठवडा-दोन आठवडे वाट बघा. हॉप्स बहुतेक परदेशातून मागवायचे.

शिंदी साखर घेऊनच खाली येते, साधारण शेकडा दहा-बारा. हवेतलं आणि मडक्याच्या अंगाला मुरलेलं यीस्ट, जोडीला जिवाणू, मडकं झाडावर असतानाच कामाला लागतात. पहाटे गोड, दुपारी आंबटगोड आणि चढणारी, संध्याकाळी चांगलीच आंबट, दुसऱ्या दिवशी शिरक्याच्या वाटेवर. अल्कोहोल चार-पाच टक्के, म्हणजे बिअरइतकंच. मडक्याला आतून चुना फासला तर आंबण्याला खीळ बसते आणि नीरा मिळते.

ब्रसेल्सच्या परिसरात लँबिक नावाची बिअर अशीच हवेतल्या यीस्टच्या भरवशावर उघडी सोडतात. तिच्यासाठी जगभरचे शौकीन तिथं जातात, आणि तिथल्या जुन्या लाकडी पिंपांत मुरलेल्या यीस्टबद्दल आदरानं बोलतात. आमच्या मडक्यातल्या यीस्टबद्दल आदरानं कुणी बोलल्याचं ऐकलं नाही.

*

जहिराबाद बिदरपासून तीसेक किलोमीटर. हिवाळ्याच्या दिवसांत त्या बाजूच्या एका खेड्यात सकाळी लवकर गेलो. ताडी काढणाऱ्या गौड समाजातला मध्यमवयीन माणूस कमरेला दोर आवळून झाडावरून उतरत होता. मडक्यात दोन-चार मधमाश्या बुडालेल्या. त्यानं फडकं धरून रस गाळला, माझ्याकडं न बघताच दखनीत विचारलं, “मीठी होना की खट्टी?”

मीठी म्हणालो. पानाच्या द्रोणात वरून धार धरली. पहिल्या घोटाला शहाळ्याच्या जवळपासची चव, मागून ओल्या खोडाचा वास आणि किंचित धूर. जिभेला बारीक मुंग्या येतात. हा फेस यंत्रानं भरलेला नाही; तो जिभेला कळतो. थोडीच पुरे म्हणालो तर तो हसला. “इत्ती सी? बच्चे बी इससे ज्यादा पीते.”

बेंगळूरच्या ब्रुअरीत काचेपलीकडच्या तांब्या-स्टीलच्या टाक्या दाखवतात. इथं टाकी डोक्यावर उभी होती आणि तिला पानं होती.

*

तेलंगणातल्या गावोगावी ताडी पिण्याची जागा म्हणजे ‘कल्लू कंपाउंड’. पत्र्याचं छप्पर, सिमेंटचे कट्टे, क्रेटमध्ये बिअरच्या जुन्या बाटल्या आणि त्यांत भरलेली पांढरट शिंदी. सोबत उकडलेले हरभरे, तळलेली मासळी, बोटी. शेतावरून आलेल्या बायका कट्ट्यावर बसून, गप्पा मारत, आपापल्या पैशानं पितात आणि घरी जातात. पुण्या-मुंबईच्या टॅपरूममध्ये बाया मोकळेपणानं बसतात ही नव्या जमान्याची खूण म्हणून सांगतात. या कट्ट्यांवर त्यात नवं काही नाही.

*

अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या सुमारास चौल-जुन्नरमार्गे बिदरला आला आणि बहमनी राजधानीत बराच काळ राहिला. बाजार, हत्ती, सुलतानाची मिरवणूक यांच्याबरोबर त्यानं इथल्या मद्यांचीही नोंद घेतली. जुन्नरच्या वर्णनात दोन पेयं येतात: एक नारळाचं, आणि दुसरं ताडाचं असा अभ्यासकांचा अर्थ. दुसऱ्याला तो आपल्या गावाकडच्या, घरी आंबवलेल्या हलक्या मद्याच्या पंगतीत बसवतो. साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसालाही ही चव बिअरच्या कुळातली वाटली.

*

कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, बाराव्या शतकातल्या शरणांत (लिंगायत संतांत) धोबी होते, चांभार होते, नावाडी होते. शिंदी विकणाराही होता: हेंडद मारय्या. त्याची वचनं कन्नड वचनसंग्रहांत छापली जातात. बसवकल्याणात शरणांच्या नव्या अनुभव मंटपाचं मोठं काम हाती घेतलं आहे. तिथं शरणांची चित्रं किंवा मूर्ती होतील तेव्हा मारय्याच्या हातात मडकं असावं. लाजेपोटी ते काढून कमळ देऊ नये.

*

निजामाच्या तिजोरीत आबकारीचा वाटा मोठा होता. शिंदीच्या झाडांची मोजदाद होई, दुकानांचे मक्ते जात. म्हणूनच १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्टेट काँग्रेसच्या कार्यक्रमात शिंदीची झाडं तोडणं हेही आलं. जंगल सत्याग्रहाच्या जोडीला बनंच्या बनं आडवी झाली. महसूल बुडवायचा आणि दारूबंदीही साधायची, असा दुहेरी हेतू. सीमाभागातल्या एका पिढीला कुऱ्हाड आणि स्वातंत्र्य एकत्रच आठवतं. झाडावर पोट असलेल्या कलाल, ईडिगा, गौड घरांचं त्या वर्षांत काय झालं, हे मात्र लढ्याच्या इतिहासात फारसं सापडत नाही.

*

याच झाडाच्या पानांची केरसुणी होते. मातंग समाजातले कारागीर ती बांधतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरोघर तिला हळदकुंकू वाहतात. पान देव्हाऱ्यापाशी, रस वेशीबाहेर.

*

कर्नाटकानं १ जुलै २००७ पासून सरकारमान्य गावठी दारू, म्हणजे सारायी, बंद केली. या भागातली शिंदीही बंद आहे. त्याच राज्यात मंगळूर-उडुपीकडं नारळाची ताडी कायदेशीर मिळते. किनाऱ्याचं झाड सभ्य आणि पठाराचं गुन्हेगार, असा हा हिशेब.

बंदीमागची कारणं खोटी नव्हती. घरं उद्ध्वस्त होत होती, बायकांनी मोर्चे काढले होते. पण मामांच्या गावात पिणारे तेच राहिले, पेय बदललं. आता सरकारी ‘एमएसआयएल’च्या दुकानातून क्वार्टर येते, नाहीतर टेट्राचं पाकीट. चार-पाच टक्क्यांवरून गाव ४२.८ टक्क्यांवर गेलं. पूर्वी पोट भरलं की पिणं थांबायचं. “दोन लिटर शिंदी प्यायला माणसाला वेळ लागतो,” मामा म्हणतात, “क्वार्टर तर उभ्या उभ्या संपते.” शिवाय शिंदीचा पैसा गावातल्या झाडवाल्याकडं आणि चढणाऱ्याकडं जायचा. क्वार्टरचा गावात राहत नाही.

*

आता दुसरी बाजू. ती लपवली तर ही टिपणं म्हणजे नुसती हळहळ होईल.

रस टिकत नाही, झाडं कमी झाली, झाडावर चढणारी पोरं शहरात गेली, आणि मागणी बारमाही. या चारांची बेरीज म्हणजे पावडर. पाणी, सॅकरिन, आणि नशेसाठी क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम. रंग पांढरा करता येतो, फेसही आणता येतो. अशी ताडी रोज पिणाऱ्याची ती एकदम सुटली तर हात थरथरतात, फिट येते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो; कारण त्याला सवय शिंदीची नसते, गोळ्यांची असते. तेलंगणातल्या सरकारी दवाखान्यांनी असे रुग्ण गर्दीनं आलेले पाहिले आहेत. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात भेसळीची ताडी पिऊन माणसं मेली. सोलापुरात, जिथं तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत ताडीची जुनी सवय आहे, तिथंही क्लोरल हायड्रेटवर कारवाया होत आल्या आहेत.

तेव्हा तीन कायद्यांपैकी एकही झाडाला न्याय देत नाही. एकीकडं परवाना आहे पण मडक्यात काय आहे ते बघायला माणूस अपुरा. दुसरीकडं लिलाव आहे, पण दुकानात विकली जाणारी ताडी आणि त्या हद्दीतली झाडं यांचा मेळ बसवायला कुणाला सवड नाही. तिसरीकडं सरसकट बंदी.

*

ईडिगा समाज केरळच्या नारायण गुरूंना मानतो. दारू करू नका, विकू नका, पिऊ नका, ही गुरूंची शिकवण. त्याच समाजाच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या एका स्वामींनी २०२३ मध्ये मंगळूर ते बेंगळूर पदयात्रा काढली आणि मागण्यांत ताडी काढण्याची परवानगीही ठेवली. यात विसंगती दाखवून हसणं सोपं आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा एका कागदानं गेला आणि पर्याय आला नाही, तर मठालाही पोटाचा विचार करावा लागतो.

*

बिअरचा विषय निघालाच आहे, तर ज्वारीबद्दल एक नोंद. या पट्ट्यात ज्वारी मुबलक, पण तिची आपण भाकरीच करतो. आफ्रिकेत ज्वारीची बिअर घराघरांतली. नायजेरियानं १९८८ मध्ये बार्लीच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या ब्रुअऱ्याही ज्वारीवर आल्या आणि बिअर थांबली नाही. मालदांडीची बिअर करून बघायला हरकत नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या गावात तिला गिऱ्हाईक मिळेल.

*

गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोहाच्या फुलांवरचे निर्बंध महाराष्ट्रानं २०२१ मध्ये सैल केले. म्हणजे सरकारला गावच्या मद्याकडं वेगळ्या नजरेनं बघता येतं, फक्त ठरवावं लागतं. शिंदीसाठी फार मोठं धोरण नको. झाडाला नंबर, चढणाऱ्याच्या नावानं परवाना, जितकी झाडं तितकीच विक्री, विक्री त्याच गावात आणि त्याच दिवशी, आणि महिन्यातून एकदा नमुना प्रयोगशाळेत. जोडीला चढणाऱ्याचा विमा, कारण या धंद्यात पडून मोडणारा माणूस तोच. एवढं जमणार नसेल तर किनाऱ्यावरही बंदी घाला. निदान कायदा सगळ्या झाडांना सारखा राहील.

*

वाचकांपैकी कुणी थंडीत जहिराबाद-तांडूरकडं जाणार असेल, तर सकाळी आठच्या आत पोचा. झाड दिसलं पाहिजे, मडकं उतरताना दिसलं पाहिजे, आणि ज्यानं उतरवलं त्याच्याच हातून घ्या. बाटलीतली, दुपारनंतरची किंवा कडक उन्हाळ्यात शिंदीच्या नावानं मिळणारी घेऊ नका. गाडी चालवायची असेल तर चुन्याच्या मडक्यातली नीरा मागा. तीही तिथंच मिळते, फक्त आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावं लागतं.