अक्षरांची मालकी आणि एकस्वाची मुदत

पेटंट या शब्दाला मराठीत ‘एकस्व’ असा नेटका प्रतिशब्द आहे. वापरात मात्र तो फारसा दिसत नाही. जमीन, वाटणी आणि विश्वस्त संस्था यांचे दावे बेळगावात चालवणाऱ्या माझ्यासारख्या वकिलाला एकस्वाच्या कायद्याची गरज पडावी, असे काही कारण नव्हते. ती पडली मराठी अक्षरांमुळे. एका संगणकावर दिसणारे मराठी दुसऱ्या संगणकावर का दिसत नाही, याचा शोध घेत गेलो, तेव्हा वाट थेट अमेरिकेतील तीन कंपन्यांच्या भांडणापाशी जाऊन पोहोचली. त्या भांडणात मराठी माणसाचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. त्याचे बरेवाईट परिणाम मात्र आपण आजही भोगतो आहोत.

ते भांडण असे. १९८४ साली ॲडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची संगणकीय भाषा आणली आणि पुढच्याच वर्षी ॲपलने ती आपल्या लेझर छपाईयंत्रात बसवली. ॲडोबीचे उत्तम फाँट ‘टाइप १’ या प्रकारचे असत आणि त्यांची अंतर्रचना सांकेतिक कुलपात बंद होती. इतरांसाठी ‘टाइप ३’ हा खुला प्रकार होता, पण लहान आकारातही अक्षर सुबक ठेवणाऱ्या सूचना त्यात देता येत नसत. म्हणजे माजघर धन्याचे आणि ओसरी सर्वांना मोकळी. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनाही हे जाचू लागले. सप्टेंबर १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील सीबोल्ड परिषदेत त्यांनी हातमिळवणी जाहीर केली: ॲपलने आपले ट्रूटाइप हे फाँटतंत्र मायक्रोसॉफ्टला द्यायचे आणि मायक्रोसॉफ्टने पोस्टस्क्रिप्टला पर्याय असलेले ट्रूइमेज ॲपलला द्यायचे. आता याच ॲपलने मार्च १९८८ मध्ये याच मायक्रोसॉफ्टवर खिडक्याचित्रांच्या नकलेचा खटला भरला होता आणि तो तेव्हा चालूच होता. भाऊबंदकीचे दावे पाहिलेल्या कोणाही वकिलाला याचे नवल वाटणार नाही. एका दाव्यात एकमेकांविरुद्ध उभे असलेले दोन भाऊ तिसऱ्याविरुद्ध एकाच वकिलाकडे वकालतनामा घेऊन येतात, हे आम्ही नेहमीच पाहतो.

परिणाम तत्काळ झाला. मार्च १९९० मध्ये ॲडोबीने टाइप १ ची गुप्त रचना स्वतः होऊन प्रसिद्ध केली. जे औदार्याने झाले नव्हते ते धास्तीने झाले. १९९१ मध्ये ॲपलच्या आणि १९९२ मध्ये विंडोजच्या प्रणालीत ट्रूटाइप आले आणि घरोघरच्या संगणकावर सुबक अक्षरे उमटू लागली.

पण ट्रूटाइपच्या पोटात एक खिळा होता. संगणकातील अक्षर म्हणजे वक्ररेषांनी आखलेली एक आकृती असते. पडदा हा चौकटींचा बनलेला असतो. लहान आकारात अक्षराची उभी काडी दोन चौकटींच्या मधोमध पडली की ती फिकी, नाहीतर जाड दिसते. देवनागरीत तर शिरोरेषाच धूसर झाली की सगळी ओळ डोळ्यांना खुपते, आणि मात्रा व अनुस्वार एकमेकांत मिसळतात. यावर ॲपलने उपाय काढला तो असा, की फाँटमध्येच छोट्या छोट्या आज्ञा लिहून ठेवायच्या: या आकाराला अमुक बिंदू इतका सरकव, ही काडी त्या चौकटीवर नेऊन बसव. आकृती कोणीही काढावी, फाँट कोणीही बनवावा. पण त्या आज्ञा संगणकावर चालवण्याच्या पद्धतीवर ॲपलची एकस्वे होती. १९८९ च्या अर्जांवरून ती अमेरिकेत १९९२ मध्ये आणि त्यानंतर मंजूर झाली.

१९९६ मध्ये डेव्हिड टर्नर यांनी फ्रीटाइप हा मुक्त प्रकल्प सुरू केला. अक्षरे पडद्यावर उमटवणारी ही आज्ञावली कोणीही पाहावी, बदलावी, फुकट वापरावी अशी होती. ट्रूटाइपच्या आज्ञा चालवणारा भागही त्यांनी लिहिला, आणि तो स्वतंत्रपणे लिहिला. प्रताधिकाराचा प्रश्न असता तर एवढ्यावर भागले असते, कारण प्रताधिकारात नक्कल सिद्ध करावी लागते. एकस्वात तो बचाव चालत नाही. तुम्ही स्वतःच्या डोक्याने, कोणाचेही न पाहता तीच पद्धत शोधून काढली असली, तरी उल्लंघन ते उल्लंघनच. सॉफ्टवेअरवरील एकस्वांना जगभरच्या प्रोग्रामरांचा विरोध आहे तो मुख्यतः याच कारणासाठी, आणि मला तो पटतो. फ्रीटाइपने तो भाग लिहूनही मूळ मांडणीत बंद ठेवला. त्याऐवजी अक्षर आपोआप सावरणारी दुसरी युक्ती त्यांनी रचली. ती आधी रोमन लिपीच्या हिशोबाने बांधलेली होती. मे २०१० पर्यंत ॲपलच्या त्या एकस्वांची मुदत संपली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये फ्रीटाइपच्या २.४ या आवृत्तीत तो बंद भाग सर्वांसाठी उघडला गेला. अँड्रॉइडच्या फोनमध्येही अक्षरे उमटवण्याचे काम फ्रीटाइपने केले आहे.

त्याच सुमारास आणखी एक कज्जा रंगला होता. जोडाक्षरे, वेलांट्या, अक्षरांची स्थानानुसार बदलणारी रूपे फाँटमध्येच कशी मांडावीत, यासाठी ॲपलने जीएक्स नावाचे तंत्र काढले. मायक्रोसॉफ्टने त्याचा परवाना मागितला, बोलणी फिसकटली, आणि मायक्रोसॉफ्टने स्वतःचे तंत्र बांधायला घेतले. १९९६ मध्ये त्यात सामील झाला तो ॲडोबी, म्हणजे सात वर्षांपूर्वीचा शत्रू. या जोडीने ओपनटाइप जाहीर केले. २००७ मध्ये ते आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक झाले, आणि आज आपण वाचतो ते बहुतेक सर्व मराठी याच वाटेने डोळ्यांसमोर येते. नकार दिला नसता तर काय झाले असते, हा तर्काचा भाग. पण भारतीय लिप्यांची सोय एवढ्या व्यापक प्रमाणावर होण्याला एका कंपनीचा हट्ट कारणीभूत झाला, हे नमूद करून ठेवण्यासारखे आहे.

येथे आपल्या बाजूचा हिशोब मांडला पाहिजे. देवनागरीसाठी इस्की हे राष्ट्रीय मानक १९८८ मध्ये तयार झाले, १९९१ मध्ये सुधारले गेले. त्याच्याच आधारावर १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली. विंडोजमध्ये ती प्रत्यक्षात उतरायला २००० साल उजाडले. मधल्या दशकात आपल्या छापखान्यांनी, वृत्तपत्रांनी, वकिलांनी आणि संस्थांनी जे मराठी लिहिले, ते बहुतांशी कंपन्यांच्या खाजगी संकेतनांत. त्या फाँटांत अक्षरे साठवलेलीच नसत, अक्षरांचे तुकडे साठवलेले असत: अर्धा त एका क्रमांकावर, काना दुसऱ्यावर, रफार तिसऱ्यावर, आणि हे सगळे रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागा बळकावून. प्रत्येक कंपनीचा क्रम निराळा. तो तक्ता हेच कंपनीचे भांडवल असल्याने तो कोणी जाहीर करीत नसे. इंदूरचा लेख, बडोद्याचा लेख आणि हैदराबादचा लेख एकाच स्मरणिकेत घ्यायचा, तर तिन्ही पुन्हा टंकित करावे लागत. ज्यांनी ही कामे केली आहेत त्यांना अधिक सांगायला नको.

माझ्यापुढे हा प्रश्न एका वाचनालयाच्या दाव्यात आला. संस्थेच्या इमारतीतील दोन गाळे कोणत्या अटींवर भाड्याने दिले, यावर वाद होता. १९९८ च्या सभेचा ठराव निर्णायक होता, आणि इतिवृत्ताच्या छापील प्रतीची नेमकी ती पाने पावसाच्या पाण्याने एकमेकांना चिकटून गेली होती. फाईल मात्र एका सीडीवर सुखरूप होती. उघडली तर डॉलरची चिन्हे, स्वराघात दिलेली रोमन अक्षरे आणि मध्येच प्रश्नचिन्हांची रांग. फाँट चालवायला डोंगल लागे. तो ज्या खोबणीत बसे ती नव्या संगणकांना नाही. कंपनीकडे विचारणा केली. नवी आवृत्ती विकत घ्या, असे उत्तर आले. जुन्या फाईली तिच्यात उघडतील का, यावर मौन. बेळगावच्या न्यायालयात मराठी कागद द्यायचा तर सोबत भाषांतर लागते, आणि भाषांतरकार बिचारा डॉलरच्या चिन्हांचे भाषांतर काय करणार? विजाणू पुराव्याचे प्रमाणपत्र जोडून फाईल दाखल करता आली असती, पण ती वाचणार कोण?

अखेर एका पक्षकाराच्या भाच्याने, जो पुण्यात संगणकाचे काम करतो, तीन रविवार खर्ची घातले. इतिवृत्ताची जी पाने छापील स्वरूपात शाबूत होती, ती त्याने फाईलमधील संकेतांशी अक्षर अक्षर ताडून पाहिली आणि तक्ता तयार केला. सर्वांत शेवटपर्यंत छळले ते आपल्या अर्ध्या ऱ ने. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक मराठीखेरीज फार थोड्यांना कळतो. त्या फाँटात त्याला एक कोपऱ्यातला क्रमांक दिलेला होता आणि शाबूत पानांत तो मोजून दोनदाच आला होता. ठराव वाचता आला. विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी तक्त्याच्या खरेपणाला हरकत घेतली, ती योग्यच होती. त्यांच्या जागी मीही घेतली असती. पण त्यांच्या अशिलाला ठरावात काय आहे हे पुरते ठाऊक होते आणि प्रकरण तडजोडीने मिटले.

तेव्हापासून मी या दोन प्रकारच्या मालकींची तुलना करीत आलो आहे. ॲपलचे एकस्व जाचक होते, पण ते एकस्व होते. त्यात पद्धत उलगडून लिहिलेली होती, कोणालाही वाचता येत होती आणि ती कोणत्या तारखेला सर्वांची होणार हेही आधीच ठरलेले होते. फ्रीटाइपवाल्यांना वाट पाहावी लागली, पण कशाची वाट पाहायची हे त्यांना माहीत होते. आपल्या खाजगी संकेतनांना ना नोंदणी, ना जाहीर तपशील, ना मुदत. कंपनी बंद पडली तरी कुलूप तसेच राहते. कायद्याच्या दृष्टीने हे गुपित आहे, हक्क नव्हे. आणि गुपिताला कालमर्यादा नसते. म्हणून सॉफ्टवेअरच्या एकस्वांना विरोध करणाऱ्या आमच्या काही मित्रांना मी सांगत असतो की मराठीचे अधिक नुकसान एकस्वांनी केलेले नाही.

आपल्याकडे एकस्वाची बाजू बऱ्यापैकी सावरलेलीही आहे. २००२ च्या दुरुस्तीने एकस्व अधिनियमात कलम ३(के) आले, आणि निव्वळ संगणक आज्ञावली हा ‘शोध’ मानायचा नाही असे ठरले. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने त्याला खिंडार पाडले होते. २००५ मध्ये संसदेने ते बुजवले. त्याच वर्षी ६ जुलैला युरोपीय संसदेनेही सॉफ्टवेअर एकस्वांचा मसुदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. ‘निव्वळ’ या एका शब्दावर पुढे पुष्कळ काथ्याकूट झाला आहे आणि होत राहील, तो येथे नको.

आपल्याला उपयोगी कलम निराळेच आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(एबी) नुसार, ज्याच्याकडे आज्ञावलीचा कायदेशीर ताबा आहे त्याने, स्वतंत्रपणे रचलेली दुसरी आज्ञावली तिच्याशी जुळावी म्हणून आवश्यक माहिती मिळवण्यासाठी केलेली कृती, ती माहिती सहज उपलब्ध नसेल तर, उल्लंघन ठरत नाही. रूपांतराचा तक्ता बनवणारी मुले उगीच घाबरतात. फाँट विकत घेतलेला असेल तर त्यांच्या पाठीशी हे कलम उभे आहे. आणि त्या फाँटात लिहिलेला मजकूर हा लिहिणाऱ्याचाच असतो. कागद विकणाऱ्याचा जसा आपल्या पत्रावर हक्क नसतो, तसाच फाँट विकणाऱ्याचाही नसतो.

युनिकोडने सगळे आपोआप झाले असेही नाही. वर मी ‘ॲपल’ लिहिले त्यातला ॲ हा स्वतंत्र वर्ण म्हणून २००८ च्या ५.१ या आवृत्तीत आला. तोवर अ ला चंद्र जोडून भागवावे लागे, आणि अजूनही काही संगणकांवर शोध घेताना दोन्ही रूपे एक मानली जात नाहीत. मराठी वळणाचे ल आणि श बहुतेक ठिकाणी हिंदी वळणाने दिसतात. पण मानक खुले असल्यामुळे ही तक्रार कोठे करायची हे ठाऊक असते.

आमच्या भागातील तीन संस्थांच्या छपाईच्या करारात मी आता एक वाक्य घालतो: छापखान्याने छपाईची फाईल आणि तिच्यासोबत युनिकोडमधील साधा मजकूर, दोन्ही संस्थेच्या ताब्यात द्यावीत, त्याशिवाय अंतिम देयक अदा होणार नाही. दोन छापखान्यांनी कुरकुर केली, तिसऱ्याने ते त्याच दिवशी मान्य केले. माझ्या कार्यालयात अजून एकवीस सीडी पडून आहेत, निरनिराळ्या संस्थांच्या, किमान चार निरनिराळ्या संकेतनांतल्या. गोवा, ग्वाल्हेर, बडोदे येथील वाचकांकडेही अशा असतीलच. छापील प्रत आणि तिचीच फाईल अशी जोडी कोठे मिळाली, तर ती पाने रद्दीत देऊ नका. तक्ता त्या जोडीवरूनच बनतो, आणि एका संस्थेच्या पानांवरून झालेला तक्ता तोच फाँट वापरणाऱ्या दुसऱ्या संस्थेलाही चालतो.