शेवटचे होल

काही वाचक कादंबरी हाती पडताच आधी शेवटचे पान उघडतात. कादंबऱ्या लिहिणारा माणूस म्हणून मला त्यांचा मनस्वी राग येतो. पण एका सबंध खेळानेच एकदा हा मार्ग पत्करला, आणि तो खेळ भरभराटीला आला!

गोल्फ मी कधी खेळलेलो नाही. खेड्यातल्या मास्तराने खेळावा असा तो खेळच नव्हे. तसे पाहिले तर त्याचे आमच्या गोट्यांशी दूरचे नाते आहे. जमिनीत खळगा, आणि त्यात चेंडू घालायचा. मात्र खळगे अठरा, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत चांगली पायपीट! कुस्तीला एक हौदा पुरतो. इथे खेळाडू सारे रान पांगलेले. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने उभे राहायचे तरी कुठे?

जॉर्ज मे या हिकमती गृहस्थाने त्यावर तोड काढली. शिकागोजवळच्या टॅम ओ'शँटर क्लबात तो 'वर्ल्ड चॅम्पियनशिप' भरवीत असे. प्रेक्षकांना ओळखता यावे म्हणून खेळाडूंच्या अंगावर क्रमांक लावणारा हा माणूस. बड्या खेळाडूंना ते मुळीच रुचत नसे. १९५३ च्या ऑगस्टमध्ये त्याने ही स्पर्धा दूरचित्रवाणीवर नेली. अमेरिकेत देशभर दिसलेली ही पहिली गोल्फ स्पर्धा. कॅमेरा एकच, अठराव्या होलच्या मागे उंचावर. चार दिवसांच्या ७२ होलांपैकी देशाने पाहिले ते एवढेच.

चँडलर हार्पर २७९ फटक्यांत खेळ संपवून मोकळा झाला होता. त्याचे अभिनंदनही सुरू झाले होते. मागे उरला होता ल्यू वर्शम. त्याला बरोबरी साधायलाच तीन फटक्यांत होल संपवणे भाग होते. दुसरा फटका शंभरएक यार्डांवरून. चेंडू हिरवळीवर पडला, घरंगळत गेला, आणि थेट खळग्यात! २७८. पंचवीस हजार डॉलरांचे पहिले बक्षीस वर्शमचे झाले.

कथाकाराने असा शेवट लिहिला असता तर संपादकांनी तो साभार परत केला असता.

त्यानंतर दूरचित्रवाणीला या खेळाची भीती उरली नाही. १९५४ साली यू. एस. ओपन देशभर दिसली. १९५६ साली मास्टर्स आली, तीही शेवटच्या चारच होलांपुरती. मध्येच येऊन बसलेल्या प्रेक्षकाला पुढे कोण, मागे कोण हे कसे कळावे? एकूण फटक्यांची बेरीज सांगून उपयोग नव्हता. मग सीबीएसच्या फ्रँक चर्किनियन यांनी १९६० मध्ये ठरलेल्या फटक्यांपेक्षा किती कमी, किती जास्त, एवढेच दाखवण्याची रीत पाडली. आज तीच सर्वत्र रूढ आहे. मला ती फार आवडते; आधीची प्रकरणे न वाचलेल्यालाही कथेत जागा करून देणारी ती एक ओळ आहे. अंतिम दिवशीची आघाडीच्या खेळाडूंची अठराही होले मास्टर्सच्या प्रेक्षकांना दिसायला मात्र २००२ साल उजाडावे लागले.

माझा जीव अडकतो तो हार्परपाशी. वर्षभर नेटाने अभ्यास करणारी, पण कुणाच्या नजरेत न भरणारी मुले वर्गात रोज माझ्यासमोर बसतात, म्हणूनही असेल. पुढच्याच वर्षी, १९५४ च्या टेक्सस ओपनमध्ये, या हार्परने ६३, ६३, ६३ अशा लागोपाठ तीन फेऱ्या खेळून ती स्पर्धा जिंकली. वर्शमचा तो फटका गोल्फचे वेड असलेले लोक मला हातवारे करून सांगतात. हार्परच्या त्या तीन फेऱ्यांचे नाव काढणारा मला अजून कोणी भेटायचा आहे.