चढाईनंतरची धाप

लालबाग-परळच्या मातीच्या मैदानांवर मी बरीच वर्षं कबड्डी खेळलो, चढाईपटू म्हणून. चढाईची मुदत तीस सेकंद, आणि तेवढा वेळ ‘कबड्डी कबड्डी’चा दम धरायचा. बघणाऱ्याला वाटतं, गडी त्या दमावरच खेळतोय. अंगाला येणारा अनुभव मात्र वेगळा. बोनस रेषेकडे पाय टाकताना, गडी टिपून मागे वळताना धाप अशी लागायचीच नाही. ती लागायची परत आल्यावर, भिडूच्या खांद्यावर हात टेकला की. पाय आपलं काम उरकून मोकळे, आणि छातीचा भाता त्यानंतर सुरू.

उलगडा झाला तो पुढे बी.पी.एड.ला शरीरक्रियाशास्त्र शिकताना. स्नायू आकुंचन पावतो तो एटीपी नावाच्या रेणूवर. पण पूर्ण जोर लावला तर स्नायूतला त्याचा साठा जेमतेम दोन-तीन सेकंद पुरेल एवढाच. मग क्रिएटिन फॉस्फेट वापरलेल्या एटीपीला पुन्हा उभं करतं, आणि त्याला प्राणवायू लागत नाही. झटक्यात टाकलेला पाय, पकडीतून हिसडा देऊन सुटणं, हे सगळं त्याच्या जिवावर. त्याचीही मजल आठ-दहा सेकंदांची. तोवर स्नायूतली साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, घाईघाईनं फोडली जाऊ लागते. या घाईत एका ग्लुकोजमागे दोन-तीनच एटीपी हाती लागतात. प्राणवायूच्या साथीनं सावकाश जाळलं तर तीसच्या आसपास मिळतात. पुस्तकात हे टप्पे एकापाठोपाठ छापलेले असतात, शरीरात सगळे एकदमच चालू असतात. कुणाचा वाटा किती, एवढंच बदलतं.

आमच्या संघात दुसरा भरवशाचा चढाईपटू नव्हता, त्यामुळे सामना अटीतटीला आला की प्रत्येक चढाई माझ्याकडे. एक आमची, एक त्यांची. म्हणजे मधे फार तर अर्धा मिनिट, तोही साखळीत उभं राहून पकडीची वाट बघण्यात. क्रिएटिन फॉस्फेट निम्मं भरायलाच साधारण एवढा वेळ जातो, पुरतं भरायला तीन ते पाच मिनिटं. ओळीनं तिसऱ्या चढाईला मांड्या जड व्हायच्या. समोरचा गडी उघडा पडलेला दिसायचा, पण हात पोचेपर्यंत तो सरकलेला असायचा.

याला मैदानावर सगळे ‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तरी खापर त्याच्याच डोक्यावर. मला त्या बिचाऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते. सामन्यानंतर तासाभरात लॅक्टेट बहुतेक निवळलेलं असतं. हृदय ते इंधन म्हणून वापरतं, यकृत त्याची पुन्हा साखर करतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचं. स्नायू ताणला जात असतानाच जोर लावावा लागला, की त्या जास्त होतात. सुटू पाहणाऱ्या गड्याचा घोटा धरून ठेवताना हेच घडतं.

मध्यंतराच्या पाच मिनिटांत तळहातावर ग्लुकोज पावडर घेऊन चाटायची आमची रीत होती. चाळीस मिनिटांच्या सामन्यात स्नायूतलं ग्लायकोजेन सहसा संपत नाही, तेव्हा तिचा फायदा जिभेलाच जास्त. कुणी दिली तर मी अजूनही चाटेन.

आमचे सर मात्र पहाटे शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला लावायचे. तीस सेकंदांच्या चढाईला एवढी रपेट कशाला, अशी आमची कुरकुर. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, “पळ रे, बोलू नको.” क्रिएटिन फॉस्फेट खर्च होताना प्राणवायू मागत नाही, पण पुन्हा भरताना मागतंच. परत आल्यावरची ती धाप बरीचशी यासाठीच. लांब पळण्यानं स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया वाढतात, त्यामुळे दोन चढायांमधला भरणा लवकर होतो. सरांनी यातलं काही वाचलं असेल असं मला वाटत नाही. पहाटे पळणारा गडी उत्तरार्धात टिकतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता मी शाळेत खेळ शिकवतो. फेऱ्या म्हटलं की माझीही पोरं तोंड वाकडं करतात. मग फळ्यावर क्रिएटिन फॉस्फेटची सगळी गोष्ट काढून दाखवतो. पोरं ती नीट ऐकून घेतात आणि विचारतात, “सर, मग आज फेऱ्या किती?”