नाकाच्या मागे मागे

बीगलला आपण फिरायला नेतो, हा समज पहिल्या आठवड्यातच गळून पडतो. आमच्या बंड्याचा पट्टा माझ्या हातात असतो एवढंच, बाकी सगळा कारभार त्याच्या नाकाचा. सोसायटीच्या फाटकापाशी दूधवाला पहाटे क्रेट टेकवतो. तो जाऊन तास उलटला तरी बंड्या नेमका त्याच पेव्हर ब्लॉकवर थबकतो. नाक जमिनीला टेकलेलं, लोंबते कान दोन्ही बाजूंची धूळ गोळा करताहेत, शेपटीचं पांढरं टोक तेवढं वर. हाका मारून माझा घसा कोरडा पडतो. बिस्किटाचा पुडा फोडल्याचा आवाज मात्र त्याला दोन खोल्यांपलीकडूनही ऐकू येतो.

लोक त्याला हट्टी म्हणतात. मला ते पटत नाही. इंग्लंडात ही जात सशांचा माग काढण्यासाठी घडवली गेली. कुत्र्यांचा जथा पुढे, शिकारी पायी मागे. वास लागला की माणसाची वाट न बघता सुटायचं आणि लांब सूर काढून मागच्यांना कळवायचं, हेच त्याचं काम. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गुणासाठी निवड केली, तोच फ्लॅटमध्ये आला की अवगुण? (तो सूर रात्री दहानंतर लागला की वरच्या काकूंचा फोन येतो, ते वेगळं.)

अमेरिकेच्या कृषी खात्याने याच नाकाला कामाला लावलं. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळापासून सुरुवात झाली. हिरवं जाकीट घातलेला बीगल सामानाशी येऊन मुकाट्याने बसतो, आणि लेकीकडे निघालेल्या आईच्या बॅगेतला कढीपत्ता नाहीतर हापूस बाहेर निघतो. आकाराने लहान, दिसायला गरीब, त्यामुळे प्रवासी बिचकत नाहीत.

हा गरीबपणाच त्याच्या मुळावरही आला. टोचलं तरी सहसा उलटून चावत नाही, म्हणून औषधांच्या चाचण्यांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा कुत्रा हाच. २०२२ साली व्हर्जिनियातल्या एका पैदास केंद्रातून सुमारे चार हजार बीगल सोडवून घरोघरी दिले गेले. बंड्याची नखं कापताना, तो पंजा निमूट माझ्या हातात देतो तेव्हा, हा आकडा हटकून आठवतो.

पोट भरलंय, ही बातमी मात्र बीगलपर्यंत कधी पोचत नाही. वजन चढलं की पाठ आणि सांधे दुखू लागतात, म्हणून खाणं मापूनच. आपल्या घरांत धोका प्रेमाचा असतो. पाहुणे कौतुकाने प्रसादाचा शिरा भरवतात, आणि त्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कांदा-लसणाची फोडणीही नको, चॉकलेट तर नाहीच.

पावसाळ्यात खरी कसोटी कानांची. लोंबत्या कानाखाली हवा खेळत नाही, ओल राहते, मग आंबूस वास येतो. फिरून आलं की कान उलटून कोरडे पुसायचे, डॉक्टरांनी दिलेल्या द्रावणाने अधूनमधून साफ करायचे, कानात काडी मुळीच घालायची नाही. बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधायचे. हे रोजचं काम आहे आणि ते घरात कुणी एकाने अंगावर घ्यावं लागतं.

तेव्हा गोड चेहऱ्यावर भाळून पिल्लू उचलण्याआधी घरातल्यांना विचारा, रोज सकाळी तासभर दुसऱ्याच्या नाकामागे, त्याच्या गतीने कोण हिंडणार? उत्तर आलं नाही, तर बीगल आणू नका.