दिवे घाटावरून दिसणारे दिवे



सासवडहून पुण्याला रात्रीच्या एसटीने येत असाल, तर दिवे घाटाच्या माथ्यावर खिडकीबाहेर जरूर पाहा. आषाढात माउलींची पालखी हाच घाट चढून सासवडला जाते. दिवसा खाली मस्तानी तलाव दिसतो. रात्री दिसतो तो नुसता उजेड. १९९४ साली नोकरीनिमित्त मी हा घाट प्रथम उतरलो, तेव्हा पायथ्याच्या वडकीपासून हडपसरपर्यंत काळोखाचा रुंद पट्टा होता. तो काळोख म्हणजे पिकाखालचे रान. आज तो पट्टा शोधावा लागतो.

हे झाले माझ्या डोळ्यांना दिसलेले. पण हाच उजेड आकाशातूनही मोजतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का? अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी टिपलेली रात्रीची चित्रे १९९२ पासून संगणकावर जपून ठेवलेली आहेत. २०११ च्या ऑक्टोबरात त्याहून तीक्ष्ण नजरेचा सुओमी एनपीपी हा उपग्रह सुटला. सुमारे सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून, रात्री दीडच्या सुमारास तो आपल्यावरून जातो. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे अदमासे १४० एकर जमीन. ढगांच्या आणि चांदण्याच्या रात्री वगळून वर्षाची सरासरी काढतात. मग दोन सालांची चित्रे शेजारी ठेवली, की शहर कोणत्या रस्त्याने सरकले ते कळते.

मात्र चित्रावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या चित्रांत शहराचा झगमगाट शेजारच्या शिवारावर सांडलेला दिसतो, त्यामुळे शहर आहे त्यापेक्षा मोठे वाटते. नव्या उपग्रहाला निळसर प्रकाश दिसत नाही. म्हणून पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, की उजेड घटल्यासारखा भासतो. शेवंतीच्या किंवा ड्रॅगन फ्रूटच्या प्लॉटमध्ये रात्री बल्ब लावतात, तोही उजेडच! तेव्हा चित्र पाहावे आणि मग प्रत्यक्ष बांधावर जावे.

आता तुमच्या-आमच्या कामाचे. फुरसुंगी, उरुळी देवाची धरून अकरा गावे पुणे महापालिकेत घेतली गेली ती २०१७ साली. पण घाटावरून जाणाऱ्याला तिथला उजेड कितीतरी आधीपासून दिसत होता. कागद मागून येतो, उजेड आधी येतो. जमिनीचा दलाल हा उजेड बरोबर वाचतो. आपण मात्र लग्नकार्याच्या निकडीत गुंठे विकून मोकळे होतो. याच हडपसरला मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी वेगळी वाट धरली. सुटे तुकडे न विकता जवळजवळ ४०० एकर एकत्र केले आणि स्वतःच कंपनी काढून वसाहत उभारली. प्रत्येक गावाला ते जमेल असे नाही. पण एकत्र बसून विचार करणे तर जमेल?

घाटाच्या वरच्या अंगाला, पुरंदरात, अंजीर-सीताफळाच्या बागांवर अजून रात्री अंधार असतो. तिकडच्या मंडळींना माझे सांगणे एवढेच : दारात भाव सांगणारा येण्याआधी एकदा रात्री घाटाच्या माथ्यावर या. घरच्या बाईमाणसांनाही सोबत आणा. खाली पाहा, आणि सातबारा कुणाच्या हाती ठेवायचा ते घरात बसून ठरवा.