झोपेतले दात

प्रारंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. मराठी ललित निबंधात 'आम्ही' हे सर्वनाम बहुधा एकटाच माणूस वापरतो आणि त्यात थोडा विनोद व थोडी ऐट असते. या लेखातले 'आम्ही' मात्र खरोखरीच दोघे आहोत: एम.ए.ला एकाच वर्गात असलेले, एकाच गावातल्या दोन महाविद्यालयांत मराठी शिकवणारे आणि गेली अठरा वर्षे एका छपराखाली राहणारे. दोघांनी मिळून लिहिण्याचे कारण असे, की सांगायच्या गोष्टीचा अर्धा भाग एकीला ठाऊक नाही आणि उरलेला अर्धा दुसऱ्याला. आमच्यातली ती झोपेत दात खाते. आमच्यातला तो ते ऐकतो.

तो आवाज ज्याने ऐकला नसेल त्याला सांगून कळणे कठीण. रिकाम्या जात्याचा कोरडा फेर म्हणावा, तर तो फार मोठा. पाटीवर खडू मोडतो तसा म्हणावा, तर तो फार छोटा. बहुधा रात्री दीड-दोनच्या सुमारास सुरू होतो, सात-आठ घासण्या होतात, थांबतो. पुन्हा अर्ध्या तासाने. सकाळी ज्या व्यक्तीने हे सारे केले तिला यातले काहीही ठाऊक नसते. ठाऊक असते ते एवढेच, की कानाच्या पुढे, गालाच्या मागच्या कोपऱ्यात, कोणी रात्रभर पकडीने धरून ठेवल्यासारखे दुखते आहे.

ज्येष्ठांचे निदान तयार होते. 'पोटात जंत झालेत, वावडिंग दे तिला,' असे घरातल्या थोरल्या बाईंनी सांगितले. पंचेचाळिशीच्या प्राध्यापिकेला वावडिंग! पण भाषेचे निदान याहून वाईट होते. मराठीत दातओठ खातो तो चिडलेला माणूस. मग मध्यरात्री अंधारात पडल्या पडल्या ऐकणाऱ्याने काय समजावे? दिवसभर हसतमुखाने वावरणारी ही बाई रात्री कोणावर दातओठ खाते? महाविद्यालयाच्या व्यवस्थापनावर, सत्रान्त परीक्षांच्या गठ्ठ्यांवर, नॅकच्या फायलींवर, की शेजारी पडलेल्या माणसावर? आमच्यातल्या त्याने हा प्रश्न जवळजवळ दोन वर्षे विचारला नाही. (विचारला तेव्हा ती मोकळेपणाने हसली आणि म्हणाली, "अरे, तुझ्यावर चिडायला मला झोपावं लागत नाही.") पुढे डॉक्टरांनी सांगितले, की झोपेतल्या दात खाण्याचा रागाशी असा सरळ हिशेब मांडता येत नाही. झोप मधेच क्षणभर उथळ होते, हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि त्या पाठोपाठ जबडा आवळला जातो. ताणाने ते वाढू शकते, एवढेच. ताण होता. आई गेल्या त्या वर्षापासून आवाज वाढला होता, हे ऐकणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

दुखणे प्रथम कानाचे वाटले. कान तपासून झाले, निर्दोष ठरले. मग अक्कलदाढेवर संशय गेला. शेवटी गावातल्या दंतवैद्यांनी दातांची टोके झिजून सपाट झालेली पाहिली आणि बाहेर बसलेल्या नवऱ्याला आत बोलावून विचारले, "रात्री आवाज येतो का?" साक्षीदाराची साक्ष झाली. त्यांनी साच्यावरून एक पारदर्शक नाइट गार्ड करून दिले. ते दीड वर्ष इमानाने वापरले. दात वाचले, दुखणे राहिले. आणि एका सोमवारी, सलग तिसऱ्या तासाला शिकवताना, जबडा डावीकडे अडला. तोंड दोन बोटांहून अधिक उघडेना. 'दातखीळ बसणे' हा वाक्प्रचार आम्ही दोघांनीही शेकडो विद्यार्थ्यांना वाक्यात उपयोग करायला लावला आहे. तो असा वर्गात उभा राहून उदाहरणासहित सिद्ध होईल असे वाटले नव्हते. आयुर्वेदात याला हनुग्रह असा भारदस्त शब्द आहे. हनु म्हणजे जबडा; इंद्राच्या वज्राने बाल मारुतीची हनु भंगली म्हणून तो हनुमान. एरवी मराठी माणूस जबडा हा शब्द वाघासाठी, मगरीसाठी राखून ठेवतो. स्त्रीच्या मुखवर्णनात गाल येतात, हनुवटी येते, तिच्यावरची खळी येते. जबडा येत नाही. आला तर ती निंदा असते.

आमच्यातलीचा चेहरा चौकोनी. तो तिच्या आईचा. फोटोत दोघी शेजारी असल्या, की अनोळखी माणूसही नाते सांगत असे.

दंतवैद्यांनी पुण्यातल्या एका तज्ज्ञ बाईंचे नाव सुचवले. तिथल्या स्वागतकक्षात एक अर्ज भरायचा होता. त्यात 'उपचाराचा हेतू' या शीर्षकाखाली दोन चौकटी होत्या: वैद्यकीय आणि सौंदर्यविषयक. तिने पहिल्या चौकटीत खूण केली आणि अर्ज परत देताना, आज प्रामाणिकपणे सांगायचे तर, मान थोडी ताठ झाली होती. दोघांचीही.

शेजारी एक मुलगी आईसोबत बसली होती. वय बावीस-तेवीस. तिच्या मोबाइलवर एका कोरियन अभिनेत्रीची छायाचित्रे होती. हनुवटीकडे निमुळता होत जाणारा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा चेहरा. तिने विचारले, "काकू, तुम्ही पण फेस स्लिम करायला आलात?" ती म्हणाली, "नाही गं, माझं दुखतं म्हणून." यातल्या 'माझं'वर जो जोर पडला तो आम्हा दोघांनाही ऐकू आला, मुलीलाही आला असावा. ती मोबाइलमध्ये पाहू लागली. तिची आई मात्र आमच्याकडे झुकून हळूच म्हणाली, "ताई, हिचंही दुखतंच की. दोन स्थळं फोटो पाहून नाही म्हणाली. एकाने तर तोंड मर्दानी आहे असं कळवलं." यावर काय बोलावे हे मराठीच्या दोन प्राध्यापकांना सुचले नाही.

आत गेल्यावर कळले, की दोघींना मिळणारे औषध एक, स्नायू एक, आणि सुई टोचण्याच्या जागाही बहुतेक त्याच. गालफडाच्या हाडापासून जबड्याच्या कोनापर्यंत उतरणारा जो जाड स्नायू आहे, ज्याला मॅसेटर म्हणजे ग्रीक भाषेत 'चावणारा' म्हणतात, तो सतत आवळल्याने दुखतो. आणि व्यायाम केलेल्या दंडासारखा फुगतोही. त्यात बोट्युलिनम विष अत्यल्प मात्रेत टोचले, की मज्जातंतूच्या टोकाशी जो रासायनिक निरोप स्नायूला जातो तो अडतो. निरोप नाही म्हणून आवळणे कमी, आवळणे कमी म्हणून दुखणे कमी, आणि वापर कमी म्हणून पुढच्या दोन-तीन महिन्यांत स्नायू रोडावतो. वेदना जाणे हा हेतू धरला तर चेहरा निमुळता होणे हा दुष्परिणाम. चेहरा हा हेतू धरला तर उलट. तज्ज्ञ बाईंनी हेही स्पष्ट सांगितले, की वेदनेवरच्या उपयोगाबद्दल झालेले अभ्यास एकमुखी नाहीत. कोणाला पुष्कळ उतार पडतो, कोणाला फारसा नाही. "आणि मॅडम, याने दात खाण्याची सवय जात नाही. जोर जातो. गार्ड सोडायचं नाही." प्रत्येक बाजूला पंचवीस युनिट ठरली.

घरी येऊन आम्ही आमच्या पेशाला साजेसे काम केले: वाचत बसलो. आणि या विषाच्या उगमाशी आम्हांला चक्क एक कवी भेटला. युस्टिनुस केर्नर, जन्म १७८६, जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गचा. पेशाने डॉक्टर, वृत्तीने स्वच्छंदतावादी. त्याच्या बारा कवितांना शुमान या संगीतकाराने १८४० साली चाली लावल्या. याच केर्नरने बिघडलेल्या सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेच्या नोंदी वर्षानुवर्षे गोळा केल्या, प्राण्यांवर आणि स्वतःवरही प्रयोग केले आणि १८२२ साली ग्रंथ लिहिला. हे विष मज्जासंस्थेचे वहन अडवते, हे त्याने ओळखले. इतकेच नव्हे, तर अगदी थोड्या मात्रेत ते अनावर हालचालींच्या रोगांवर औषध ठरेल, असेही त्याने लिहून ठेवले. विष निर्माण करणारा जिवाणू सापडला तो पुढे १८९५ साली, बेल्जियममधल्या एका खेड्यात अंत्यविधीनंतरच्या जेवणातले हॅम खाऊन वादक मंडळी आजारी पडली तेव्हा. व्हान एर्मेंगेम या संशोधकाने तो वेगळा काढला. केर्नरची कल्पना प्रत्यक्षात येण्यास दीडशे वर्षे लागली: सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर हे औषध वापरले आणि १९८९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

पुढचा भाग आम्हांला अधिक जवळचा वाटला, कारण त्यात नवराबायको आहेत. कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे जीन कॅरदर्स डोळ्यांच्या डॉक्टर, त्यांचे पती अ‍ॅलस्टर त्वचारोगतज्ज्ञ. पापण्या अनावर मिटण्याच्या विकारावर इंजेक्शन घेणाऱ्या रुग्ण स्त्रीच्या कपाळावरच्या आठ्याही गेल्या, हे जीनबाईंच्या लक्षात आले. दोघांनी मिळून १९९२ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि २००२ साली अमेरिकेत आठ्यांसाठीही हे औषध मान्य झाले. मधल्या काळात, १९९४ साली, फुगलेल्या मॅसेटरवर त्याचा उपयोग नोंदवला गेला होता. दक्षिण कोरियात चौकोनी जबड्यावर ही सुई फार लोकप्रिय झाली. म्हणजे इतिहासातही आजार आणि रूप यांच्यामधला दरवाजा कधी लागलेलाच नव्हता. एका रुग्णाच्या पापणीवरून औषध कपाळावर सरकले, आणि कोणी चौकटीत खूण केली नाही.

असो. सुई घेतल्यावर आठवडाभर काहीच झाले नाही. दहाव्या दिवशी शेंगदाण्याची चिक्की चावताना जबडा दमला. भाकरी चालायची, पण तिसऱ्या भाकरीला थांबावे लागे. उजव्या बाजूचे हसू थोडे आखूड झाले. औषध शेजारच्या हसण्याच्या स्नायूला किंचित लागले असावे, असे सांगण्यात आले. महिन्या-दीड महिन्यात ते सावरले, पण त्याच काळात विभागातल्या एका सरांचा निरोपसमारंभ झाला आणि त्या समूहचित्रात ती कोणाच्या तरी बोलण्यावर खोचक हसल्यासारखी कायमची उभी आहे. दुखणे मात्र खरोखर उतरले. पूर्ण नव्हे, पण सकाळी उठून गालावर हात न ठेवता चहा करणारी बायको त्याने फार दिवसांनी पाहिली. पहिल्या शांत रात्री तो दोनदा दचकून जागा झाला. आवाज का नाही, म्हणून.

मग चेहरा बदलू लागला. "मॅडम, बारीक झालात! काय करता?" असे अध्यापककक्षात विचारले गेले, तेव्हा ती म्हणाली, "सकाळी चालते." हे खोटे होते. ती चालत नाही. दुखण्याची सुई घेतली, असे सरळ सांगता आले असते. पण सांगितले असते तर लोक जे समजले असते ते तिला नको होते, आणि आता ते सर्वस्वी खोटेही राहिले नव्हते. कारण आरशातला चेहरा तिला आवडू लागला होता. आमच्यातल्या त्यालाही तो आवडला, आणि हे त्याने स्वतःच्या हाताने लिहावे, असा तिचा आग्रह आहे. लिहिले. एका संध्याकाळी तो म्हणाला, "छान दिसतेस हल्ली." यातले 'हल्ली' त्या घरात तीन दिवस पुरले.

वैशाखात एका लग्नात मावशी भेटल्या. ऐंशीच्या घरातल्या, दृष्टी अधू. त्यांनी नेहमीप्रमाणे तिचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला, अंगठे गालांच्या कोपऱ्यांवर फिरवले आणि म्हणाल्या, "वाळलीस गं. तुझ्यात ताई सापडायची मला." मग अक्षता सुरू झाल्या. जेवणाच्या पंक्तीत ती फारसे जेवली नाही, आणि या वेळी कारण जबडा नव्हते.

रात्री घरी तिने आईचा फोटो काढला, आरशाशेजारी धरला. बराच वेळ तशी उभी होती. "दुखत होतं ते गेलं, हे मला हवंच होतं रे," ती म्हणाली. पुढचे बोलली नाही. मज्जातंतूंना काही महिन्यांत पुन्हा वाट सापडते, स्नायू परत भरतो, हे आम्ही दोघांनी वाचलेले होते. म्हणजे थांबले, तर आई परत येईल. आणि आईसोबत दुखणेही.

औषधाचा जोर साडेचार महिन्यांनी ओसरला. आवाज प्रथम त्यालाच ऐकू आला: तीन घासण्या, मग शांतता. त्याने चार दिवस सांगितले नाही. का नाही सांगितले, याचा खुलासा त्याला अजून नीट करता येत नाही. पाचव्या दिवशी ती स्वतःच गालावर हात ठेवून उठली. तज्ज्ञ बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पुन्हा घेता येईल, मात्रा कमी करू. मात्र वारंवार घेतल्यास जबड्याचे हाड थोडे विरळ होते की काय, याबद्दल मतभेद आहेत, तेव्हा अंतर ठेवू. या खेपेस अर्ज त्यांनी आधीच पाठवून दिला. कागद तोच, चौकटी त्याच दोन.

तो अर्ज सध्या आमच्या मेजावर, तपासायच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली आहे. नाव, वय, पत्ता भरून झाले आहे. वेळ सोमवारी सकाळी अकराची मिळाली आहे, आणि पुण्याची गाडी सहाला सुटते.