टेस्टच्या नावाखाली

पुण्यात भाषांतराची कामं घेणाऱ्या एका संस्थेत मी बरीच वर्षं मराठी विभाग सांभाळला. माणसं निवडणंही माझ्याकडेच होतं. अर्ज आला की आम्ही उमेदवाराला एक मजकूर पाठवायचो: दोन दिवसांत भाषांतर करून द्या, मानधन नाही. या धंद्यात बऱ्याच ठिकाणी असंच चालायचं. मीही कधी वेगळा विचार केला नाही.

एकदा एका बँकेची कर्जाविषयीची माहितीपुस्तिका आली. मुदत तोकडी, हाताशी माणसं कमी. एका जागेसाठी आलेले अर्ज टेबलावर पडून होते. मी पुस्तिकेचे तुकडे केले आणि प्रत्येक उमेदवाराला वेगळी पानं ‘टेस्ट’ म्हणून धाडली. आलेली भाषांतरं जोडली, वरवर हात फिरवला, पुस्तिका वेळेत दिली. ती जागा यंदा भरायची नाही, हे वरून आधीच ठरलं होतं. पानं पाठवताना मला ते माहीत होतं. नंतर उमेदवारांचे फोन यायचे, तेव्हा ‘कळवतो’ म्हणायचो. कळवलं कुणालाच नाही.

काही महिन्यांनी लातूरहून एका मुलीचा फोन आला. “सर, इथल्या शाखेत पुस्तिका मिळाली. जामीनदाराचं पान माझं आहे. मग मी नापास कशी झाले?”

ते पान मला चांगलं आठवत होतं. कायद्याच्या बोजड इंग्रजीतून तिने लिहिलं होतं, ‘कर्जदाराने हप्ता थकवला, तर बँक तो जामीनदाराकडून वसूल करू शकते.’ मी त्यातला एक शब्दही बदलला नव्हता. तरी तिला म्हणालो, “तुमचं काम चांगलं होतं, पण जागा भरली.” खरं सांगून तिचे पैसे देण्याची संधी तेव्हाही होती. मी खोटं बोललो. तिने “ठीक आहे सर” म्हणून फोन ठेवला. पुढे खरोखरची जागा निघाली तेव्हा तिला विचारलं. तिने नकार दिला.

पुस्तिकाही अंगाशी आली. एका पानावर ‘हप्ता’, दुसऱ्यावर ‘मासिक भरणा’, तिसऱ्यावर ‘परतफेडीची रक्कम’. वाचणाऱ्याला ती तीन वेगळी देणी वाटत होती. बँकेने आमच्या खर्चाने छपाई पुन्हा करून घेतली आणि पुढचं काम दुसरीकडे दिलं.

कायदा मी नंतर वाचला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. उमेदवार नोकरीत नसतो. त्याचं लेखन त्याचंच राहतं आणि सही केलेल्या लेखी कराराशिवाय त्याचे हक्क दुसऱ्याच्या नावे होत नाहीत. आम्ही कुणाचीच सही घेतली नव्हती.

त्यानंतर मी चाचणीसाठी आधी छापून झालेला मजकूरच दिला, तोही अर्ध्या तासाचा. त्याहून मोठं काम दिलं तर नेहमीच्या दराने पैसे दिले. नकारही लेखी कळवला. माणसाचा वकूब कळायला एक परिच्छेद पुरतो.

तुम्ही निवड करणारे असाल, तर वापरण्याजोगं काम फुकट मागू नका. उमेदवार असाल, तर आधीच विचारा: हा मजकूर कुठे वापरणार? उत्तर सरळ आलं नाही, तर पानं परत पाठवा.